लाखेचा हात

रंगारी रंगाच्या थराला हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, शेवटचा हात. पेंटरने पहिल्याच दिवशी विचारलं, "कपाटांना किती हात द्यायचे, काकू?" तेव्हा मी म्हटलं, "या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं चार हात राबत होते. आता दोनच उरलेत. तुम्ही तुमचं बघा." तो हसला. मी विनोद केला नव्हता. केला असता तरी मला तो कळला नसता, अशी तेव्हा माझी गत होती.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, धाकट्या दिरांची बायको. ती या घरात आली तेव्हा मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी होते आणि सतरा वर्षांनी शहाणी असल्यासारखी वागत होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आम्ही राहिलो. भांड्याला भांडं लागायचं, रोज लागायचं, आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत जायचा, पण भांडी फुटली नाहीत. नऊ वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. मग धाकटीची मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, आणि भाऊजी, धाकटी आणि मी असे तिघंच उरलो. पाच महिन्यांपूर्वी धाकटीही गेली.

दुपारी चार वाजता, चहाच्या कपाटासमोर. दार उघडायला हात वर केला, तशीच खाली बसली आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाले, कुणालाच काही करता आलं नसतं. असं ते सगळ्यांनाच सांगत असावेत.

मी रडले नाही. आले-गेले म्हणाले, मोठीने किती धीराने घेतलं. धीर कसला! दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा होतो ना, तशी मी अख्खीच झाले होते. स्वयंपाक करत होते, कपडे वाळत घालत होते, कुणी भेटायला आलं की तिची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता सांगत होते. जेवताना मीठ कमी पडलंय की जास्त, हे मात्र कळत नव्हतं. भाऊजींनाही कळत नसावं, कारण ते काही बोलले नाहीत.

भाऊजींनी त्या दिवसापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नव्हतं. पाण्याची बाटली बाहेरच्या टेबलावर, ताटही तिथेच. जेवून झालं की ताट दाराशी ठेवायचे, उंबऱ्याच्या अलीकडे, आणि मी ते पलीकडून उचलायचे. चार महिने असे गेल्यावर एकदा ताट ठेवताना म्हणाले, "वहिनी, मी मुलीकडे जाऊन राहावं म्हणतो. त्या खोलीकडे बघवत नाही मला."

मी "बरं" म्हटलं.

रात्री पुतणीचा फोन आला. "मोठी आई, बाबा इथे आले तर मला आनंदच आहे गं, पण तू एकटी काय करशील? ते स्वयंपाकघर बदलून टाक ना. रंग दे, काहीतरी कर. ते तसंच्या तसं राहिलंय म्हणून त्यांना त्रास होतोय."

खोली तशीच राहिली म्हणून त्रास होतोय, का मी तशीच राहिले म्हणून, हे तिला कुठून ठाऊक असणार? मला तरी कुठे नक्की ठाऊक होतं! पण सकाळी मी भाऊजींना म्हटलं, "कपाटं रंगवून घेते. सगळं होऊन वाळेपर्यंत थांबा, मग ठरवा." ते म्हणाले, "थांबतो." म्हणजे तेवढी मुदत मिळाली. त्यानंतर एक तर ते या घरात राहणार होते, नाहीतर मी चार खोल्या आणि चौदा दारांच्या कपाटांबरोबर राहणार होते.

आता रंग निवडायचा, तर त्या बाबतीत माझी ख्याती आहे. घरातली कुठलीही वस्तू घेताना माझा पहिला प्रश्न "टिकेल का?" आणि दुसरा "मळखाऊ आहे का?" पडदे मळखाऊ, चादरी मळखाऊ, पायपुसणी तर जन्मजात मळखाऊ. धाकटी मला मागून मळखाऊ बाई म्हणायची, आणि मला ते ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. कपाटं रंगवू या, असा तिचा धोशा अकरा वर्षं चालू होता. मी म्हणायचे, आधी टिकाऊ काय ते बघू. ती म्हणायची, "तुम्ही बघा टिकाऊ. तोवर कपाटं तरी पडतील, नाहीतर आपण तरी." आम्ही दोघी यावर हसायचो.

तेव्हा टाळलेलं सगळं आता मी नीट केलं. पेंटर बोलघेवडा, पण कामाचा माणूस. पन्नाशीचा, भुवयांतसुद्धा रंगाची पूड. त्याने तीन फळ्यांवर तीन रंग, प्रत्येक कमी-जास्त चमकीच्या पट्ट्यांत, लावून आणले आणि टेबलावर मांडले.

"हा पहिला दोन डब्यांचा. एकात रंग, दुसऱ्यात तो कडक करायचं औषध. दोन्ही मिसळून फवारायचं. याच्याइतकं टणक काही नाही; पण घरात जमत नाही, वास डोक्यात जातो. दारं कारखान्यात न्यावी लागतील, तीन आठवडे. हा दुसरा साधा तेलाचा. स्वस्त आहे, पण फिकट घेतलात तर वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडतो. आणि हा तिसरा पाण्याचा, पण दारांसाठीचा. भिंतीचा समजू नका. इथेच लावता येतो, वास नाही. फक्त पिकायला वेळ घेतो."

"पिकायला?"

"वाळणं वेगळं, काकू, आणि पिकणं वेगळं. चार तासांत हाताला लागेनासा होतो, म्हणजे वाळला. आतपर्यंत कडक व्हायला महिना लागतो. तोवर नखाने दाबलंत तर खूण उठेल. लोकांना वाटतं, वाळला म्हणजे झाला. पी हळद अन् हो गोरी."

त्या तीन फळ्यांची मी आठवडाभर परीक्षा घेतली. एकेकीवर चहाचा थेंब टाकून रात्रभर ठेवला. तेल चोळलं, बिटाचा तुकडा ठेवला, गरम पातेलं टेकवलं, तारेच्या घासणीने दहा-दहा वेळा घासलं. वहीत लिहून ठेवलं. चकचकीत लगेच पुसलं जातं, पण त्यात प्रत्येक ओरखडा दिसतो. बिनचमकीचं दिसायला छान, पण तेलाचा डाग धरून बसतं. मधलं, अर्ध्या चमकीचं, दोन्हीकडून ठीक. पूर्वी असं काही हाती लागलं की मला गड जिंकल्यासारखं व्हायचं. आता वही मिटली आणि भांडी घासायला गेले.

सगळ्यात टिकाऊ अर्थातच दोन डब्यांचा निघाला. त्याच्यावर कशाचाच डाग पडला नाही. पण त्यासाठी दारं तीन आठवडे बाहेर राहणार, म्हणजे कपाटं सताड उघडी. बाहेरच्या खोलीत भाऊजी बसतात तिथून धाकटीचा कप सरळ दिसला असता. पिवळा, कानाचा टवका उडालेला. म्हणून तिसरा ठरवला. दगडापेक्षा वीट मऊ.

रंगाची छटा कोणती, हे पेंटरने विचारलं तेव्हा मी मळखाऊ म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मला कुठलाच रंग आवडत नव्हता. त्याने दाखवलेल्या कार्डावरचे शंभर चौकोन मला सारखेच दिसत होते. मग आठवलं, चहाच्या कपाटाच्या दाराला आतून एक चौकोन चिकटवलेला आहे. धाकटीने केव्हातरी दुकानातल्या कार्डातून फाडून आणलेला, लोण्याच्या रंगाचा. तो काढून मी पेंटरच्या हातावर ठेवला.

"फिकट आहे हं. बोट लागलं तरी दिसेल."

"दिसू दे."

रंगाआधीचं काम मोठं असतं. पेंटर म्हणाला, नुसता वरून रंग फासला तर ते वरून कीर्तन आणि आतून तमाशा, सहा महिन्यांत पापुद्रे सुटतील. आधी सगळी दारं सोड्याच्या पाण्याने धुवायची, मग घासायची, मग अस्तराचा हात, मग रंगाचे दोन. धुवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. तो चार-चार दारं उतरवून मागच्या गॅलरीत आडवी मांडायचा, आणि उघड्या कपाटांवर मी चादरी टांगायचे. मळखाऊ.

धुताना लक्षात आलं की दारांवर आमच्या दोघींच्या वेगवेगळ्या खुणा आहेत. कपाटांच्या मुठी दारांच्या मधोमध. वरच्या कपाटांवर मुठीभोवती जो काळपट गोल होता तो माझा. धाकटी बुटकी. मुठीपर्यंत तिचा हात नीट पोचत नसे, म्हणून ती दाराच्या खालच्या कोपऱ्याला अंगठा लावून ओढायची. प्रत्येक वरच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात बोराएवढी जागा झिजून लाकूड उघडं पडलं होतं. चहाच्या कपाटाची तर रुपयाएवढी. मी दोन्ही खुणा सारख्याच जोराने घासल्या. पाणी काळं झालं की ओतलं आणि नवीन घेतलं. दुपारी हात भाजल्यासारखे लाल झाले होते, दुखत असावेत.

तेरा दारं रंगली. चौदाव्याच्या वेळी पेंटरने मला गॅलरीत बोलावलं.

"काकू, हे दार ऐकत नाही."

चहाच्या कपाटाचं दार होतं. सगळीकडे लोण्याचा रंग सारखा बसलेला, आणि खालच्या कोपऱ्यात मात्र बारीक बारीक खड्डे. तिथे रंग मागे सरला होता, तेलकट तव्यावर पाणी सरतं तसा.

"दोनदा घासून लावला," तो म्हणाला. "कालही असंच झालं. कुणीतरी रोज तेलकट हाताने इथेच धरत होतं. वर्षानुवर्षं. लाकडात मुरलंय ते."

"मलम," मी म्हटलं.

"कसलं मलम?"

धाकटीच्या हातांना भेगा पडायच्या. भांड्यांचा साबण तिला सोसत नसे. डॉक्टरने मलम दिलं होतं, ते दुपारची झोप झाली की चोळायची आणि तशाच हातांनी चहा करायला उठायची. मी रोज ओरडायचे, "हात पूस आधी!" ती म्हणायची, "पुसले हो, ताई." पुसलेले नसायचे. मला माहीत असायचं की पुसलेले नाहीत, तिला माहीत असायचं की मला माहीत आहे. उद्या पुन्हा तेच. बाहेर भाऊजी पेपर वाचत असायचे. आमचं हे ऐकू आलं की पेपर बाजूला ठेवायचे, कारण आता चहा येणार.

पेंटरला मी एवढंच सांगितलं, "जावेचं होतं."

"दोन उपाय आहेत," तो म्हणाला. "सुतार दोन दिवसांत नवं दार करून देईल. रंगवलं की चौदात नवं कुठलं ते ओळखू यायचं नाही. नाहीतर या दाराला लाखेचा हात देतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते, पटकन वाळते. तिच्यावर मग रंग बसेल."

"आणि मुरलेलं?"

"ते राहील की तिथेच. लाखेने निघत नाही, फक्त कोंडलं जातं. आत आहे ते आत."

"जास्त टिकेल कुठलं?"

"विचारायचं काय त्यात? नवं दार."

मी त्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिले. जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिथे उभं राहून माझं मलाच सांगितलं. त्या दिवशीही मी ओरडले होते. माझी पाठ तिच्याकडे होती, मी डबा पुसत होते, मागे दाराचा आवाज झाला आणि मी न वळता म्हटलं, "हात पूस आधी! किती वेळा सांगायचं?" पुढे "पुसले हो, ताई" आलं नाही म्हणून वळून पाहिलं. तिच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते. सव्वीस वर्षांच्या संसाराचा समारोप. आणि भाऊजी बाहेर होते. त्यांनी ते ऐकलं होतं. म्हणून मला वाटत होतं की त्यांना खोली नकोशी झालेली नाही, माझा आवाज नकोसा झालाय. या पाच महिन्यांत मी घरात आवाज चढवून एक शब्द बोललेले नव्हते.

"लाख द्या," मी म्हटलं.

"नवं दार जास्त टिकेल म्हणतोय मी."

"कळलं मला. लाख द्या."

त्याने खांदे उडवले. गिऱ्हाइकाच्या डोक्यात शिरायचं काम तो करत नसावा. लाखेचा वास तिखट होता. संध्याकाळपर्यंत गॅलरीत दरवळत राहिला. दुसऱ्या दिवशी वर रंगाचे दोन हात बसले आणि कोपरा इतका सपाट झाला की बोट फिरवूनही कळेना. मी फिरवलं नाही. पेंटरनेच फिरवून दाखवलं.

जाताना त्याने बजावलं, "महिनाभर ओलं फडकं नाही, कडेला धरून ओढायचं नाही. दार मुठीनेच उघडायचं. फक्त मुठीने." त्याला काय, मी नेहमी मुठीनेच उघडते.

कपाटं छान दिसत होती. शेजारची आली, म्हणाली, केवढा उजेड झाला गं! मी हो म्हटलं. खोली उजळ झालेली मला दिसत होती, दुसऱ्याच्या घरातली दिसावी तशी. भाऊजींनी उंबऱ्यापाशी उभं राहून आत पाहिलं. "तिचाच रंग," म्हणाले, आणि परत खुर्चीत जाऊन बसले. त्यांची बॅग पलंगाखालून निघून पलंगाशेजारी आली होती. त्यात अजून काही भरलेलं नव्हतं. मी रोज केर काढताना बघत होते.

रंग लावून बारा दिवस झाले. दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते. डोळा लागला नव्हता. तो अलीकडे लागतच नसे. चारच्या सुमाराला स्वयंपाकघरातून आवाज आला. कपाटाच्या दाराचा. नवा रंग किंचित चिकटतो, त्यामुळे दार सुटताना फट् असा आवाज होतो.

मी उठून आले. भाऊजी चहाच्या कपाटासमोर उभे होते. शर्टाच्या बाह्या वर, हात कोपरापर्यंत ओले, कारण बाहेरच्या बेसिनवर तोंड धुऊन ते तसेच आत आले होते. दार त्यांनी मुठीने उघडलं नव्हतं. उंच माणूस, मूठ त्यांच्या डोळ्यांसमोर येते. तरी हात खाली नेऊन, खालच्या कोपऱ्याला अंगठा लावून ओढलं होतं. लोण्याच्या रंगावर अंगठा स्वच्छ उमटला होता. रेघांसकट.

आणि माझ्या तोंडून निघालं, मोठ्याने, जसं सव्वीस वर्षं निघायचं तसं, "हात पुसा आधी!"

म्हटलं, आणि मग माझं मलाच ऐकू आलं. हे वाक्य. याच जागी. भाऊजी वळले. माझ्याकडे बघत राहिले, एवढा वेळ की आता ते बाहेर जातील, बॅग भरतील आणि संध्याकाळच्या गाडीने निघतील, हे सगळं मला ओळीने दिसलं. त्यांच्या कोपरावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"पुसले हो, ताई," ते म्हणाले.

भाऊजींनी मला जन्मात ताई म्हटलेलं नाही. मी त्यांची वहिनी. आवाज त्यांचाच होता, घोगरा, पण शेवटचा सूर लबाड, ओढलेला, तिचा. रोज दुपारी पेपराआडून ऐकून ऐकून तो त्यांना पाठ झाला होता. एवढं बोलून त्यांनी ओले हात माझ्यासमोर धरले, बघा म्हणून, आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला.

मी त्या फरशीवरच बसले आणि रडले. पाच महिन्यांचं रडले. नाक गळलं, पदर भिजला, आवाज शेजारी गेला असणार. तिने एकदाही हात पुसले नाहीत, एकदाही नाही, असं काहीतरी मी म्हणत होते. भाऊजी "नाही पुसले," "नाही पुसले," म्हणत होते. गाल दुखायला लागले. इंजेक्शन उतरल्यावर दुखतात तसे.

मग चहा त्यांनी केला. तिथेच ओट्याशी उभं राहून आम्ही प्यायलो. पेंटरला फोन करून तो अंगठा घासून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रंग अजून पिकायचाय, महिना होऊ दे, मग बघू. चहा पातळ झाला होता आणि साखर जास्त पडली होती. मी तसं त्यांना सांगितलं.